पंचाक्षरी डॉक्टर रागवत नाहीत

अगं रुद्राणी, ऐक तर, चहा नंतर पी. भवानी पेठेतले आपले पंचाक्षरी डॉक्टर आठवतात ना? खोकला घेऊन गेलं की आधी बोलणी, मग औषध. माझ्या बाबांना तर माझ्यासमोरच झापलं होतं, "ताप तीन दिवसांचा आणि तुम्ही आज उगवलात? पोरगी म्हणजे काय मागावरचं सूत आहे, तुटलं की जोडलं?" बाबा मान खाली घालून ऐकत होते. मला इतकं बरं वाटलं, अर्धा ताप तिथंच उतरला. मग रामहरी कंपाउंडर बाटलीला ती कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. ती पट्टी मी किती दिवस जपून ठेवली होती.

तर यंदा आमच्या कॉलेजातल्या सरांनी काढलंय, गावातले फॅमिली डॉक्टर कामानं किती पिचलेत ते मोजायचं. वीस प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. जितके मार्क जास्त तितका माणूस थकलेला. भवानी पेठ म्हटल्यावर मी हातच वर केला.

गेले, तर बाकडं तेच, स्पिरिटचा वास तोच. डॉक्टरांनी ओळखलं, पण "बस" एवढंच. फॉर्म घेतला आणि दोन मिनिटांत वीस शून्यं टाकून परत. झोप लागत नाही का, शून्य. पेशंटचा कंटाळा येतो का, शून्य. मला कसंतरीच झालं. कारण समोर एक माणूस चार दिवस ताप अंगावर काढून आला होता, आणि डॉक्टर त्याच्याकडे न बघता नुसतं लिहीत होते. एक शब्द बोलले नाहीत.

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. शेजारी सिद्धम्मा, आपल्या गल्लीच्या टोकाला विड्या वळायची ती. म्हटलं, "मावशी, डॉक्टर बरे आहेत ना?"

"बरे कुटं," ती म्हणाली. "संक्रांतीपासनं रागवतच न्हाईत. मी मुद्दाम तंबाखू खाऊन आत जाते. तर नुसतं जीभ दाखव म्हनत्यात."

पलीकडं मल्लप्पा होता, मागावर काम करणारा. तो म्हणाला, "मला बी काय बोलले न्हाईत. म्हनून मी गोळ्याच घेतल्या न्हाईत."

"का पण?"

"आता बोललेच न्हाईत म्हंजी आपल्याला लई काय झालेलं नसंल की."

मी तिथंच फॉर्मच्या खाली पेननं एकविसावा प्रश्न लिहिला. पेशंटला शेवटचं कधी रागावलात? आणि आत नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी वाचलं. मग म्हणाले, "रामहरी, मी शेवटचं कुणाला बोललो रे?"

"त्या पोस्टातल्या कारकुनाला. थंडीत," रामहरी म्हणाला. आणि बाहेर मे महिन्याचं ऊन.

"रागवायला आत काहीतरी शिल्लक लागतं गं," डॉक्टर मला म्हणाले. "दिवसाला दीडशे माणसं. साठाव्यानंतर मला चेहरेच दिसत नाहीत, नुसत्या जिभा." आणि एकेक शून्य खोडून खरे मार्क टाकायला लागले. मी नंतर बेरीज केली, ऐंशीपैकी एकसष्ट.

सिद्धम्मा दारातून ऐकत होती. सरळ आत आली. "ऊटा आयता? जेवलाव का?"

"व्हायचंय अजून."

"चार वाजलं की. दुसऱ्याला सांगताव येळेवर जेवा, आन तुमी? सोमवारपासनं चार दिस कुलूप लावा. दार उगडं दिसलं तर मी हितं बसून तंबाखूची डबी संपवते."

"आन मी गोळ्या गटारात टाकतो," मल्लप्पा मागून म्हणाला.

डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. अगदी माझे बाबा ऐकायचे तसे.

आणि खरंच गेले बरं का, अक्कलकोटला बहिणीकडं, चार दिवस. ते आल्यावर मी फॉर्मवर राहिलेल्या सहीसाठी परत गेले, तर गल्लीच्या तोंडालाच आवाज, "तोंड आहे का चुन्याची डबी? शंभरदा सांगितलं तुला." सिद्धम्मा बाहेर आली ती पदरानं तोंड पुसत, हसत. "लई बोलले आज," म्हणाली. लगेच मल्लप्पा उठला, सदरा नीट केला आणि आत गेला.

मी मात्र सहीचं नाव काढलं नाही. गुपचूप नंबरला बसले. परीक्षेसाठी जागून डोळे लाल झालेच होते, पाणीसुद्धा मारलं नाही त्यांना.