चौथी पायरी कशानं झिजली

मी शिडी बोलते आहे. लाकडाची, पाच पायऱ्यांची. अंबरनाथ पश्चिमेच्या एका संशोधन ग्रंथालयात, अर्थशास्त्राच्या कपाटांपुढे, छत्तीस वर्षं काढली. आज बोलायला बसले ती स्वतःचं कौतुक सांगायला नाही. मला राग आलाय, आणि राग आत ठेवला तर लाकडाला भुंगा लागतो.

एक आधीच सांगून टाकते. मला अक्षर येत नाही. एवढ्या पुस्तकांत आयुष्य गेलं, पण एकाचंही नाव वाचता येणार नाही. मला ओळखू येतात ते पाय. कोण चढलं, कितव्या पायरीपर्यंत, कुठल्या कपाटापाशी, किती वेळ उभं राहिलं, ते मला विचारा. पण कुणी विचारलंच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

माझा जन्म उल्हासनगर कॅम्प चारचा, एका फर्निचरच्या गाळ्यातला. विकत घ्यायला शंकरराव उबाळे आले होते. शेठ म्हणाला, "सागवान आहे साहेब, एकदम प्युअर." शंकररावांनी नखानं टोकरलं, मला उलटी केली आणि म्हणाले, "शेठ, हे मशिनच्या खोक्याचं लाकूड आहे. आतल्या बाजूला शिक्का अजून दिसतोय." शेठ जरासुद्धा ओशाळला नाही. "साहेब, ज्या लाकडानं मशिन झेललं ते तुम्हाला नाही झेलणार?" शंकरराव मोठ्यानं हसले. त्या हसण्यावर माझी किंमत उतरली आणि मी हातगाडीवरून अंबरनाथला आले.

शंकरराव आधी एका कारखान्यात हजेरी लिहायचे. कारखाना बंद पडला, तेव्हा एका ट्रस्टनं त्यांना या ग्रंथालयात बसवलं आणि सांगितलं, अर्थशास्त्राचा संग्रह उभा करा. लोकांना वाटतं, संग्रह म्हणजे दुकानात जायचं आणि पुस्तकं आणायची. तेही ते करायचेच. प्रकाशकांच्या याद्या यायच्या, वाचणाऱ्यांना विचारून त्यांवर खुणा करायचे, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती झाल्या तर दुसऱ्या ग्रंथालयाला देऊन बदल्यात नवीन घ्यायचे. पण त्यांचं खरं काम शनिवारी. खांद्याला पिशवी अडकवून निघायचे. शहाडला कामगारांच्या युनियनच्या खोलीत, अंबरनाथला टाळं लागलेल्या गेटांवर, उल्हासनगरला छापखान्यांत. हजेरीपत्रकं, मागण्यांची पत्रकं, करार, वाण्याच्या भिंतीवरचे भावाचे कागद, सगळं आणायचे.

साईनाथ, तेव्हा नवाच लागलेला शिपाई, वैतागायचा. "साहेब, हा कचरा ठेवायचा कुठं?"

"साईनाथ, छापील पुस्तक उद्याही मिळेल. बंद कारखान्याचं हजेरीपत्रक उद्या बंबात जाईल. जे उद्या मिळणार नाही ते आज आत घ्यायचं."

ते सगळं सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. त्या फळीला लाल चिठ्ठी लागली: जागेवरच वाचावे, बाहेर नेऊ नये. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला साईनाथनं वाचून दाखवलं नव्हतं, पण चढणाऱ्या प्रत्येकाला तो ते ओरडून सांगायचा, म्हणून पाठ झालं.

आणि चढणारे किती! वरच्या फळीला हात पोचतो तो फक्त माझ्या चौथ्या पायरीवरून. खालच्या फळ्यांना कुणी तिथवर येत नाही. कॉलेजची मुलं चढायची, वकील चढायचे. बंद कारखान्यांतल्या कामगारांची पोरं चढायची, हजेरीपत्रकात बापाचं नाव शोधायला. एकाला सापडलं, तेव्हा तो माझ्यावरच उभा राहून एकेक खाना बोटानं मोजू लागला. किती वेळ ते मला माहीत आहे. खालून साईनाथ म्हणाला, "अरे उतर, दुसरा थांबलाय." पोरगा म्हणाला, "काका, सत्तावीस दिवस भरलेत. एक खाडा नाही."

चौदा एप्रिलला मात्र मला तसबिरीपाशी नेत. शंकरराव स्वतः हार घालत आणि खाली उतरून म्हणत, "अर्थशास्त्र शिकलेला माणूस आहे हा. हारापेक्षा याला कागद आवडतील."

मी पाच-सहा वर्षांची असेन, तेव्हा गयाबाई आली. बारवीच्या पलीकडच्या चिंचटेंभ पाड्यावरची. बदलापूरच्या बाजारात रानभाजी विकायला बसायची, तिथं शंकररावांनी तिला बोलतं केलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, इथं बसू कुठं? खुर्चीवं मना जमत नाय." आणि येऊन माझ्या पहिल्या पायरीवर बसली. तिथपासून ती जागा तिची.

तिच्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर भात लावायला परत येतात. गयाबाई वर्षातून दोनदा यायची. घरं ओळीनं सांगायची. हे घर कुणाचं, कोण भट्टीवर गेलं, कोण म्हातारं मागं राहिलं, कोण परत आलं, कोण आलं नाही, कुणाच्या घरी पाळणा हलला. तीही माझ्यासारखीच, अक्षर नाही. पण एक घर मागंपुढं होईल तर शपथ. शंकरराव मध्येच विचारायचे, "बाई, गेल्या साली चौथ्या घरात सात माणसं होती." ती म्हणायची, "सात नाय, आठ. तू लिवायला चुकला, भाऊ. धाकटी पाठीशी होती ती मोजली नाय." शंकरराव मागची पानं उलटायचे आणि कान पकडायचे.

पंचवीस वर्षांत सात वह्या झाल्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. आठ-दहा जाडजूड पुस्तकं लिहिणारी माणसं त्या वह्यांसाठी माझ्यावर चढून गेली. गयाबाईला शंकररावांनी शब्द दिला होता, "हे इथून हलणार नाही."

मग शंकरराव गेले. गयाबाई तरीही दोनदा यायची. माझ्यावर बसायची, साईनाथचा चहा घ्यायची, घरं ओळीनं सांगायची. लिहून घ्यायला कुणी नव्हतं. सांगून मोकळी व्हायची आणि उठायची. चीड तेव्हाच यायला हवी होती मला. पण मी म्हटलं, वर सात वह्या आहेत ना.

पुढं ट्रस्टनं समिती नेमली. महिन्यातून एकदा येणार, समोसे खाणार, खाली बसूनच कपाटांकडे बघणार. संग्रह 'आधुनिक' करायचा म्हणाले. एका विक्रेत्यानं यादी आणली, पूर्ण संच, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मार्चच्या आत घ्यायचा, नाहीतर अनुदान परत. कुणी विचारलं नाही, इथं येणाऱ्याला काय लागतं. आणि संचाचा विषय काय, तर गरिबी! प्रीती मॅडम, नव्या ग्रंथपाल, एवढंच म्हणाल्या, "सर, जागा नाही." समितीतले एक जण म्हणाले, "मग जागा करा. दहा वर्षांत एकदाही इश्यू नाही ते काढा. कॉम्प्युटर सांगेल."

कॉम्प्युटरला काय माहीत? तो कधी चढलाय?

कॉम्प्युटरनं सांगितलं, वरची फळी: शून्य. सगळी फळी शून्य. मॅडम नव्या, बदलापूरहून धावतपळत येणाऱ्या, डोक्यावर तारीख. त्यांनी रजिस्टरात लाल शाईनं रेघा मारल्या. साईनाथ गावी गेला होता. कॅम्प चारच्या रद्दीवाल्या मुकेशचा टेम्पो आला. त्याची माणसं माझ्यावरच चढली, माझ्याच चौथ्या पायरीवर उभी राहिली आणि एकेक गठ्ठा खाली टाकला. छत्तीस वर्षांत एवढं लाजिरवाणं वजन मी झेललं नव्हतं. तिथं तो संच लागला. तेव्हापासून त्याच्यासाठी माझ्यावर दोन जण चढले. त्यातला एक पंखा पुसायला.

तीन महिन्यांनी गयाबाई आली. या वेळी बसल्या बसल्या म्हणाली, "पोरी, भाऊनं लिवलेल्या वह्या काढ. आमच्या रानातल्या जमिनीचा दावा लागलाय. दोन हजार पाचच्या आधीपासून इथं ऱ्हाता त्याचा कागद आना म्हनतात."

"कुठल्या वह्या, आजी?"

"त्या वरच्या. निळ्या. सात हायेत."

मॅडमनी वर पाहिलं. मग कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. मग कुठंच पाहिलं नाही. साईनाथनंच तोंड उघडलं, "मावशे, त्या रद्दीत गेल्या."

गयाबाई रडली नाही. तिनं नुसतं विचारलं, "रद्दी कशाला म्हनतात रं, साईनाथ? मी बोललो ती रद्दी?"

"आजी, दहा वर्षांत एकानंही नेल्या नाहीत. रेकॉर्ड आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच पटत नव्हता.

"मॅडम, नेणार कशा?" साईनाथ म्हणाला. "वरचं बाहेर द्यायचंच नाही, असा नियम. लाल चिठ्ठी होती. इश्यू व्हायचंच नाही, तर नोंद कुठून येणार?"

"मग वाचतं कोण होतं?"

साईनाथनं मला फिरवून उजेडात घेतलं आणि चौथ्या पायरीवर हात ठेवला. "ही बघा. बाकीच्या चार सरळ आहेत. ही बशीसारखी खोल गेलीय. कशानं झिजली असेल?"

मॅडमनी सँडल काढले. पहिल्यांदाच चढल्या माझ्यावर. एक, दोन, तीन, आणि चौथीवर पाय आपोआप त्या खळग्यात बसला. हात वर केला तो थेट प्लास्टिकच्या संचावर.  अखेर मला कुणी तरी विचारलं. पण कधी!

त्याच दुपारी त्या आणि साईनाथ कॅम्प चारला गेले. साईनाथनं मला पुसता पुसता सांगितलं. मुकेश म्हणाला, "मॅडम, तीन महिने झाले. पुठ्ठा अलग, कागद अलग, सब गया मिल में. नीली कॉपी? एक आहे. आधे पन्ने कोरे थे ना, म्हणून पोरीला रफ वर्कला दिली." घरातून वही आणून दिली, पैसे घेतले नाहीत. सातवी वही. मागच्या पानांवर त्याच्या मुलीचे गुणाकार. पहिल्या सहा शेवटच्या ओळीपर्यंत भरलेल्या होत्या, म्हणून त्यांचा लगदा झाला. कोरा कागद वाचला आणि लिहिलेला गेला. बघा आता न्याय!

दाव्याला तर पहिल्या तीन हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गयाबाई पुन्हा माझ्यावर बसली. "लिव. मी सगळं परत सांगतो. पयलं घर नाग्याचं…" मॅडमनी दोन पानं लिहिली आणि पेन थांबलं. "आजी, मी आज लिहिलं तर तारीख आजची पडेल. त्यांना तेव्हाचं लिहिलेलं हवंय."

"तोंड तेच हाय ना?"

"तोंड तेच आहे, आजी."

"मंग?"

मॅडमनी पेनला टोपण लावलं.  माणसाच्या तोंडावर विश्वास नाही, कागदावर आहे. बरं, तोच कागद सांभाळायचं काम ज्यांचं, त्यांनीच तो किलोवर दिला!

तेव्हा साईनाथ पुटपुटला, "साहेब नंबर टाकल्याशिवाय काही आत घेत नसत."

दाखल रजिस्टर. आत येणाऱ्या प्रत्येक कागदाचा नंबर आणि तारीख त्यात. ते फेकता येत नाही, म्हणून रेघा मारून झाल्यावर तेवढं वरच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. मॅडमनी चढून काढलं आणि माझ्यावर उभ्या उभ्याच वाचू लागल्या. पहिल्या वहीसमोर शंकररावांच्या अक्षरात तारीख होती, एकोणीसशे चौऱ्याण्णवची. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षर: 'गयाबाई पदू हिलम यांनी समक्ष सांगितले. चिंचटेंभ पाड्यावरील एकोणीस घरे, प्रत्येक घराच्या कर्त्याचे नाव खाली.' आणि खाली दाटीवाटीनं एकोणीस नावं. त्या सगळ्यावरून लाल रेघ, आणि मॅडमच्याच हातचं: 'रद्द. वापर नाही.'

"आजी, पहिलं घर कुणाचं म्हणालात?"

"नाग्याचं."

"दुसरं?"

एकोणीसच्या एकोणीस जुळली. साईनाथ डोळे पुसत म्हणाला, "बघा, एक खाडा नाही."

मॅडमनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. जमिनीच्या दाव्यात मूळ रजिस्टर दाखवावं लागेल, बाहेर देऊ का? पलीकडून आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. "अजिबात नाही! वरच्या फळीचं बाहेर नेऊ नये, हा आपला जुना नियम आहे." म्हणजे वह्या किलोवर गेल्या तेव्हा हा नियम कुठं झोपला होता?

मॅडमनी फोन ठेवला. इश्यूची वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "गयाबाई पदू हिलम. दाखल रजिस्टर, क्रमांक एक. परत करण्याची तारीख…" सात दिवस पुढची घातली. मग रजिस्टरात त्या लाल रेघेखाली लिहिलं, 'वापर होता. चूक आमची,' आणि पूर्ण नाव घालून सही केली.

"पोरी, तुझी नोकरी?" गयाबाईनं विचारलं.

"बघू, आजी. आता कॉम्प्युटरमध्येही घालते. वरच्या फळीचं एक इश्यू तरी दिसेल."

गयाबाईनं रजिस्टर फडक्यात बांधलं, पोटाशी धरलं आणि गेली.

माझं म्हणाल तर त्या संचासाठी आता लोखंडी शिडी आलीय, चाकांची, लाल रंगाची. मी मोडीच्या यादीत आहे. फरशी पुसायच्या बादलीशेजारी कोपऱ्यात उभी आहे. मला मोडीत द्यायचं तर द्या, खोक्याचं लाकूड मी, मला काय! पण एवढं करा. काही फेकण्याआधी, ते ज्याच्या अंगावर उभं राहून लोकांनी वाचलं त्याला विचारा. ज्यानं सांगितलं त्याला विचारा. खाली खुर्चीत बसून शून्य मोजू नका.

परवा परत करायची तारीख आहे. गयाबाई येणार, तिनं आजवर एक फेरी चुकवलेली नाही. ती चाकांच्या शिडीवर बसणार नाही, ते मला माहीत आहे. म्हणून परवापर्यंत तरी मला इथून हलवू नका. तिची पायरी रिकामी ठेवलीय मी.