माझ्याच यादीतला डबा

लाल चांदणी, नखाएवढी, आणि तिच्या आत पांढऱ्या अक्षरांत 'नवी चव' — फ्रीजरच्या काचेवर वाफ धरली होती म्हणून आधी नुसता लाल ठिपका दिसला, मग धाकटीनं दार ओढलं, वाफ सरकली आणि चांदणी डब्याच्या कोपऱ्यात येऊन बसली. भात, कोंबडी, मक्याचे दाणे. चार मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की जेवण तयार. धाकटीनं एक डबा उचलला, मग दुसरा, मग, "किती स्वस्त आहे गं ताई हा," म्हणत आणखी दोन.

डब्याच्या मागं घटकांची बारीक ओळ असते. तिच्यात अकरावं नाव जवाच्या माल्टचं आहे. पूर्वी नव्हतं. दोघी बहिणींच्या आतड्यांना गहू चालत नाही, जव चालत नाही. चिमूटभर गेला तरी पोट आतून सोलून निघतं. हे सगळं ताईला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम. तिनं तोंड उघडलंही, आणि त्यातून निघालं ते फक्त, "हं."

का? ...उगीच. सांगते की. इतकी काय घाई आहे, डबे कुठं पळून चाललेत.

धाकटी पुढे गेली, हातात फोन, फोनवर यादी. ती यादी तिची होती. ताईची. नऊ वर्षांची. हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री मारायची, संध्याकाळी पाय सुजलेले, चुलीशी उभं राहायचं त्राण नाही, आणि तेव्हा 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेला डबा म्हणजे दोन बस बदलून एका बड्या लोकांच्या दुकानात जायचं, अर्ध्या दिवसाची मजुरी मोजायची आणि घरी येऊन पुठ्ठा चघळायचा. मग तिनं अक्कल लढवली. 'ग्लूटेन-फ्री' छापलं की भाव दुप्पट होतो. तेव्हा न छापलेलं शोधायचं. साध्या दुकानात, साध्या फळीवर, ज्याच्यात मुळातच गहू नाही असं. तांदळाच्या नूडल्स. घेवड्याचं डब्यातलं सूप, पण हिरव्या झाकणाचंच, लाल झाकणाच्यात मैदा घालतात मेले. बटाट्याचे थर असलेली ट्रे. एकेक नाव तिनं पोटावर काढून मिळवलं होतं, अगदी शब्दशः, संडासात कपाळ टेकवून. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद धाकटीनं महिन्यापूर्वी फोटो काढून नेला, रंगीत चौकटींत बसवला, घरच्या ग्रुपवर टाकला. आईनं लिहिलं, 'किती हुशार गं माझी लेक.'

आयत्या बिळावर नागोबा. बरं, नागोबाला राग तरी येतो; हिला तोही नाही. गोड हसते.

"ताई, हिरव्या झाकणाचंच ना?"

"वाच की. डोळे आहेत ना."

"तू आहेस म्हटल्यावर मी कशाला वाचू?" धाकटी हसली. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. हसणं हाच तिचा धंदा.

दवाखान्यातल्या डॉक्टरनंच तिला तपासून घ्यायला सांगितलं. मोठ्या बहिणीला आहे म्हणतेस तर तूही बघ. म्हणजे रोगाचं निदानसुद्धा तिला ताईच्या जिवावर फुकट मिळालं. दोन आठवड्यांत सगळं पार पडलं. आणि मला? बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत. ताटाशी बसले की पोट धरायचे आणि आई म्हणायची, झालं, सुरू झालं हिचं नाटक. चिरगूट म्हणायचे मला घरात. पाहुण्यांसमोर सुद्धा. धाकटीच्या निदानानंतर मात्र आई त्याच दिवशी बाजारात गेली, वेगळा तवा आणला, वेगळी सुरी आणली, मुठीला लाल दोरा बांधला. मी तो दोरा बघत उभी होते. आई म्हणाली, "तुझ्या वेळी कुठं काय माहीत होतं गं बाई." खरंच आहे. पण तेविसाव्या वर्षी कळल्यावर तरी? दोऱ्याला काय लागतं... दोराच तर.

मी बहिणीचा हेवा करते तो तिच्या रूपाचा नाही, नोकरीचा नाही. तिच्या आजाराचा करते. लोक हसतील ऐकून. हसोत. एकच रोग, एकाच आईच्या पोटातून आलेला, आणि तिचा तो आजार, माझी ती थेरं.

धाकटीचा फोन वाजला. तिनं आईचा आवाज मोठा केला.

"घेतलंस का गं सगळं, चिमणे?"

"घेतेय. ताई आहे बरोबर."

"मग मला घोर नाही. ताई, नीट बघ गं चिमणीला. पोटाची नाजूक आहे ती."

"हो," ताई म्हणाली. ट्रॉलीतल्या चार चांदण्यांकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. खोटं बोलताना आवाज कापायला हवा ना?

एक डबा. एकच खाल्ला म्हणजे मरत नाही कुणी. दोन दिवस लोळेल. लोळू दे. कळू दे तिला, त्या रंगीत चौकटी कशाच्या बनल्यात ते. तीन आठवड्यांपूर्वी मी नाही लोळले? ह्याच डब्यापायी. जुना भरवशाचा म्हणून न वाचता खाल्ला, आणि दोन दिवस न्हाणीघराच्या फरशीवर, कूस बदलली की ओकारी, दाराबाहेर फोन वाजतोय, धुलाईखान्याच्या मुकादमाचा, येतेस का दुसरी बघू. बरी झाल्यावर यादीतल्या त्या डब्यावर काट मारायची होती. मारली नाही. धाकटीलाही कळवलं नाही. विसरले... असं मी मला सांगितलं होतं.

गल्ल्यापाशी रांग नव्हती. धाकटी एकेक वस्तू पट्ट्यावर मांडू लागली, सूप, नूडल्स, ट्रे, आणि शेवटी ते चार डबे, एकावर एक. पट्टा हलला.

"बरं का ताई, आई म्हणालीय, कधी चुकून काही पोटात गेलंच तर लगेच कळव, मी येऊन राहीन. रात्रभर जागेन म्हणाली. गरम पाण्याची पिशवीपण आणून ठेवलीय तिनं, वेडी."

आणि ताईला ते दिसलं. धाकटीचं न्हाणीघर नव्हे, तिचं स्वतःचंच, तीच निळसर फरशी, पण फरशीवर धाकटी आणि तिच्या डोक्याशी मांडी घालून आई. आईचा हात कपाळावर. पदरानं तोंड पुसतेय. झालं हं बाळा, झालं... आणि हे सगळं मी माझ्या हातानं घडवून आणणार? माझ्याच मौनानं मी त्या दोघींना ती अख्खी रात्र बहाल करणार?

तिनं झडप घालून चारही डबे उचलले. एक खाली पडला. गल्ल्यावरची बाई दचकली.

"हे नको."

"अगं पण यादीत—"

"यादी चुलीत घाल. मागं वाच. अकरावं नाव."

धाकटीनं वाचलं. ओठ हलवत, एकेक करत, शाळेतल्यासारखं. तिचा चेहरा उतरला.

"बाई गं... आज रात्री हाच खाणार होते मी. तुला कसं कळलं?"

"कळलं."

"अगं पण कसं?"

ताईनं हातातले डबे गल्ल्यावर ठेवले. धाकटी तिथंच, पट्टा चालू असताना, गळ्यात पडली. तिच्या केसांना दवाखान्याचा औषधी वास होता. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," ती कानाशी म्हणत होती, आणि खरंच रडत होती. गल्ल्यावरची बाई खाली पडलेला डबा उचलत म्हणाली, "बहीण असावी तर अशी."

ताईचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. मग एक वर गेला, धाकटीच्या पाठीवर टेकला, थोपटूही लागला. धाकटी जिला बिलगली होती ती कुणी दुसरीच बाई होती, डोळ्यांत तेल घालून धाकट्या बहिणीला जपणारी, मनाची मोठी... कुठं राहते ही बाई, काय पुण्य केलं होतं तिनं, की माझी बहीण तिच्या खांद्यावर अशी निर्धास्त डोकं टाकते? ती थोपटत राहिली, आणि त्या बाईचा तिला असा काही हेवा वाटू लागला की आईचा, तव्याचा, दोऱ्याचासुद्धा इतका कधी वाटला नव्हता.