विमानाच्या विजारी

"बोट घाला," कानिफनाथ म्हणाला.

प्रभुदास मिस्त्रीने चाक आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत बोट घातलं. मग शेजारचं दुसरंही घातलं. दोन्ही आरामात बसली.

"दोन जातात. पुस्तकात अर्धा इंच लिहिलाय. म्हणजे एक बोट, तेही तुमचं नाही, माझं."

"पुस्तक लिव्हनाराच्या रानात डांबर आसंल, साहेब. आपलं रान काळं हाय. काळी माती चाकाला धरती आन् आत जाऊन बसती. टरकाचं मडगार्ड पाहा, चाकापून किती लांब आसतं."

"अहो मिस्त्री, ट्रक उडत नाही."

"त्ये खरं हाय," प्रभुदास म्हणाला. "पन आपलं तरी आजून कुटं उडालंय?"

कांद्याच्या चाळीत उभी असलेली दोन-चार माणसं हसली. कानिफनाथ हसला नाही. चाळीच्या मधोमध त्याचं विमान उभं होतं. लाकडाच्या पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि पुण्यात भंगारातून शोधून आणलेलं इंजिन. अमेरिकेहून टपालाने मागवलेलं नकाशांचं पुस्तक पुढे ठेवून त्याने दोन वर्षं हे काम केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. कौतुकाच्या बाजूला लिहिण्यासारखं जे आहे ते लिहिलंच पाहिजे. राहिली होती ती पुढच्या दोन चाकांवरची आवरणं. वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून चाकावर माशाच्या आकाराची पत्र्याची खोळ चढवतात. तिचं नाव फेअरिंग, पण अमेरिकेत तिला चाकाची पँट म्हणतात, असं कानिफनाथने एकदा सांगितलं आणि त्या दिवसापासून वस्तीवर त्यांच्या विजारी झाल्या.

अशा विजारी अख्ख्या तालुक्यात एकच माणूस करू शकत होता. प्रभुदास योहान पगारे. वय बावन्न. मिशनच्या शाळेत पत्र्याचं काम शिकलेला. नेवाशाच्या रस्त्याला सहादेवरावांच्या जागेत त्याचं दुकान होतं. तीस वर्षांत त्याने दुधाच्या किटल्या केल्या, पिठाचे डबे केले, ट्रकांची पोचे आलेली दारं सरळ केली, देवळाच्या कळसाचा पत्रा केला आणि चर्चच्या घंटेवरचं छप्परही. त्याचा डबा गळला म्हणून परत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. एवढीच त्याची मिळकत, पण ती त्याची स्वतःची होती.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्याने कसा वळवला हे बघायला कानिफनाथ तीन दिवस दुकानात बसला होता. पत्र्यावर कपडे धुण्याचा साबण चोळायचा, खालून जाळ द्यायचा, साबण काळा पडला की जाळ काढायचा. तेवढ्यात पत्रा मऊ होतो. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू पोट काढायचं. पुस्तकात यासाठी तापमानाचा आकडा होता. मिस्त्रीकडे साबणाची वडी होती. दोन्हींचा निकाल एकच लागला तेव्हा कानिफनाथने त्याला पहिल्यांदा "अहो मिस्त्री" म्हटलं. त्याआधी नुसतं "मिस्त्री" होतं.

"फट मोठी राहिली तर वारा आत भरतो," तो आता म्हणत होता. "मग विजारी घालण्यात अर्थ काय? अर्धा इंच करा."

"करतो. काम तुमचं हाय. पन येक सांगून ठिवतो, वल्ल्यात पळवू नका. चाक आडकंल."

यावर खाटेवर बसलेले सहादेवराव, म्हणजे कानिफनाथचे वडील, मनापासून हसले. बहात्तर साल सरून त्र्याहत्तर लागलं होतं. दोन वर्षं पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. विहिरींत उतरून माणसं वाटीने पाणी भरत होती.

"मिस्त्री, ह्या साली वल्लं कुटून आननार? कुटं दिसलं तर दाखव, म्या सोता जाऊन लोळतो त्यात."

प्रभुदासने विजारी सोडवून खांद्यावर टाकल्या आणि दुकानाकडे निघाला.

सहादेवरावांच्या स्वभावाची खतावणी मांडायची तर पहिलं कलम हे, की त्यांचं औदार्य नेहमी चार माणसांसमोर व्हायचं. एकट्यात ते कुणाला उन्हात "सावलीत ये" म्हणत नसत. जिल्ह्याचे एक मोठे पुढारी दुष्काळी कामं बघायला येणार असं कळताच त्यांनी निरोप धाडला: आमच्या वस्तीवरही पायधूळ झाडावी, शेतकऱ्याच्या पोराने विमान केलंय. उडवायची परवानगी दिल्लीहून यायची होती. पण जमिनीवर पळवून दाखवायला कुणाची हरकत नव्हती. रानातलं पाचशे पावलं लांबीचं पट्टं रोलर फिरवून सपाट केलेलं होतंच.

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी प्रभुदास विजारींचे शेवटचे स्क्रू बसवून मागे वळला आणि जागीच थांबला. पट्ट्यावर टँकर फिरत होता.

आपल्याकडे पाहुणा यायच्या वाटेवर सडा मारतात. लग्न असो, सभा असो, धूळ बसवल्याशिवाय पाहुण्याचा पाय पडू देत नाहीत. घरापुढे त्याला तांब्याभर पाणी पुरतं. सहादेवरावांनी पाचशे पावलं सडा मारायला सांगितला होता. आणि टँकर कुठला? पाझर तलावाच्या कामावरच्या बायांना दिवसाआड पाणी देणारा. त्या बाया पहाटेपासून रिकाम्या हंड्यांची रांग लावून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत टँकर रांगेपुढून गेला आणि पट्ट्यावर जाऊन रिकामा झाला. काळ्या मातीने आवाज न करता सगळं पिऊन टाकलं.

"मिस्त्री," छबूबाई रांगेतून म्हणाली, "इमानाला लई तहान लागली हुती जनू."

प्रभुदास पळत कानिफनाथकडे गेला.

"साहेब, विजारी काढू द्या. आठ इस्क्रू हैत येकाला. धा मिनटांत काढतो."

"आत्ता?"

"पट्टं वल्लं केलंय. पायाखाली पाहा."

कानिफनाथने बूट उचलून पाहिला. तळव्याला भाकरीएवढं ढेकूळ आलं होतं. त्याला कळलं, यात शंका नाही. शिकलेला माणूस होता. त्याने वडिलांकडे पाहिलं.

"फोटोवाला आलाय," सहादेवराव म्हणाले. "मोटारी दिसाया लागल्यात. पाव्हण्यापुढं उघड्या पायांचं इमान दाखवतो का काय? मिस्त्री, तू बाजूला व्हय."

"नाना, धाच मिनटं..." प्रभुदास म्हणाला.

"बाजूला व्हय म्हनलं ना?"

नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, इंजिन सुरू झालं. पहिली फेरी झकास झाली. पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी त्याहून जोरात वाजवल्या. परतीच्या फेरीत कानिफनाथने वेग वाढवला, शेपूट उचललं गेलं, आणि अर्ध्या पट्ट्यावर उजवं चाक फिरायचं थांबलं. विमान त्या पायावर गरकन वळलं, नाक मातीत गेलं, लाकडी पंख्याचे तुकडे पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपापर्यंत आले. कानिफनाथच्या खांद्याचं हाड मोडलं. बाकी कुणाला काही झालं नाही. पुढारी "जपा पोराला" म्हणाले आणि मोटारीत बसले.

तिसऱ्या दिवशी प्रभुदासला बोलावणं आलं. वाड्याच्या ओट्यावर सहादेवराव होते, गळ्यात हात अडकवलेला कानिफनाथ होता आणि टेबलाशी ग्रामसेवक कागद घेऊन बसला होता. टेबलाखाली सोडवून आणलेली उजवी विजार पडली होती. प्रभुदासला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

ग्रामसेवकाने वाचून दाखवलं. "मी खाली सही करणार लिहून देतो की, मी तयार केलेली चाकाची आवरणं माझ्या हयगयीमुळे सदोष झाली व त्यामुळे अपघात घडला."

"हयगय?" प्रभुदास म्हणाला.

"शब्द आसतो तसा," सहादेवराव म्हणाले. "तुला कोन फाशी देनार हाय? तालुक्याला कुनीतरी अर्ज टाकलाय, कामावरचा टँकर रानात का वतला म्हनून. उद्या चौकशीला मानूस येईल. विजारीचा दोष हुता म्हनलं की पान्याचा इषय निघत न्हाई. कागद फायलीत जाईल, मिटलं."

"आन् माजं नाव?"

"तुजं नाव कोनाला ठावं हाय?"

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर सोसलं असतं. वजनकाट्यावरची धूळ फुंकावी तसं सहज म्हटलं.

"दुकान कुनाच्या जागेत हाय त्ये इसरू नको," त्यांनी पुढे जोडलं. "डेरीच्या किटल्या बी मीच तुज्याकडं लावल्यात. तुला मिस्त्री कुनी केलं?"

"हातानं," प्रभुदास म्हणाला.

तो खाली वाकला आणि टेबलाखालची विजार ओढून काढली. आतला चिखल तीन दिवसांत सुकून दगड झाला होता. त्याने विजार गुडघ्यावर धरली, मुठीने चार ठिकाणी हलकेच ठोकली, भांड्यातून खरवस काढावा तशी. काळ्या मातीचा अख्खा साचा बाहेर आला. एका अंगाला पत्र्याचं पोट उठलेलं, कुठे खोच नाही, कुठे फुगवटा नाही. दुसऱ्या अंगाला टायरची नक्षी. जाडी अर्धा इंच.

त्याने तो साचा कागदावर ठेवला.

"मोजा," तो कानिफनाथला म्हणाला. "साहेब, तुमी मोजा. पुस्तक तुमच्यापाशी हाय."

कानिफनाथने डाव्या हाताचं बोट मातीच्या कडेवर टेकवलं. एक बोट बरोबर भरलं. तो काहीतरी बोलणार होता.

"नाना, मिस्त्रींनी..."

"तू आत जाऊन पड," सहादेवराव म्हणाले. "दुखतंय तुला."

आणि तो गेला. दोन वर्षं झोप मोडून विमान बांधणारा, पुस्तकातला इंच न इंच पाळणारा हा माणूस उठून आत गेला. त्याच्या खात्यात इतर काय जमा असेल ते असो, ही नोंद पुसता येत नाही.

"हितं म्या सही करनार न्हाई," प्रभुदास म्हणाला. "विजारी काडा म्हनलो हुतो ह्ये लिवा, सडा कुनी मारला त्ये लिवा, मंग करतो. नाव मोठं करून लिव्हतो."

ग्रामसेवकाने सहादेवरावांकडे पाहिलं आणि टोपण पेनाला लावलं. कागदावर नंतर "सदर इसमाने सही करण्यास नकार दिला" अशी ओळ वाढली, आणि दोष विजारीचाच राहिला. चौकशीला आलेल्या माणसाला तेवढंच दाखवण्यात आलं. वर्तमानपत्रातही आलं: गावठी कारागिराच्या निष्काळजीपणामुळे तरुण संशोधकाच्या स्वप्नाला धक्का. फोटोत पट्टं कोरडं दिसत होतं.

रांगेतल्या चाळीस बायांनी सगळं पाहिलं होतं. प्रभुदासची बायको रेबेका छबूबाईकडे गेली, तेव्हा छबूबाई बराच वेळ हंड्याचा काठ चोळत बसली.

"म्या सांगीन गं. पन उद्याचा टँकर त्येच्याच दारावरून येतो."

रेबेकाने घरी येऊन हे सांगितलं, तर प्रभुदास म्हणाला, "तिला काय म्हनू नको." ज्यांना म्हणायला हवं होतं ते सगळे सावलीत बसलेले होते.

किटल्या त्या आठवड्यातच बंद झाल्या. मार्चअखेर दुकान खाली करावं लागलं. दुष्काळात नवा डबा कोण करतो? एप्रिलच्या पहिल्या सोमवारी प्रभुदास पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला उभा राहिला.

संध्याकाळी मुकादम हजेरीपट घेऊन ओळीने फिरला. त्याने शाईचा डबा पुढे केला.

"आंगठा."

"पेन द्या."

"आंगठा चालतो की. सगळी देत्यात. उशीर व्हतो."

"पेन द्या," प्रभुदास पुन्हा म्हणाला.

मुकादमाने कानावरचं पेन काढून दिलं. दिवसभर घण मारून बोटं सुजली होती, पेन धड धरवेना. प्रभुदासने हजेरीपट गुडघ्यावर घेतला आणि सावकाश लिहिलं, प्रभुदास योहान पगारे. अंगठ्यापुरत्या आखलेल्या रकान्यात ते मावलं नाही. पगारे खालच्या रकान्यात उतरलं.

खालचा रकाना छबूबाईचा होता. तिने शाईत अंगठा बुडवला, कागदाकडे पाहिलं, आणि अक्षरांना धक्का लागणार नाही असा कोपरा शोधून अंगठा टेकवला.