मागची जाळी

महिनाभर माझा कॉम्प्युटर तापून बंद पडत होता. केलेलं काम जायचं, मी ऑफिसची बोलणी खायचे. वर नवरा रोज ऐकवायचा, "तुला धड वापरताच येत नाही."

आज कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून धूळ झाडली. पंखे व्यवस्थित फिरत होते. झाकण काढलं की थंड, लावलं की तापायचा. म्हणजे गरम हवेची वाटच कुठेतरी अडली होती. डबा भिंतीपासून ओढला. मागच्या जाळीवर नवऱ्याच्या जुन्या बनियनचा बोळा घट्ट दाबून बसवलेला!

"पंख्याच्या आवाजाने डोकं उठतं," तो टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "एवढं काय आकाश कोसळलं?"

मी बोळा त्याच्या मांडीवर फेकला आणि कॉम्प्युटर चालू केला. पंखा घोंघावू लागला.

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.