लोण्याचं झाड

"असं नाही गं. बुडापासून काढ. ते पांढरं टोक तुटलं, की पान वाया गेलं," म्हणत उमाबाईंनी अनुसयेच्या हातातली कुंडी ओढून घेतली. दोन बोटांत पान धरून हळूच डावी-उजवीकडे हलवलं. पान अख्खं निघालं.

आज सकाळी त्यांना चहाचा कप कसा धरायचा ते आठवलं नव्हतं.

उमाबाईंनी बालाघाटच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता दोन वर्षांपासून त्यांची आठवण पुसत चालली होती. हातांना मात्र सगळं ठाऊक होतं. अनुसया मूळची जवळच्या लामता गावची. नवरा गेल्यावर ती शहरात आली आणि लोकांची म्हातारी, आजारी माणसं सांभाळू लागली. कुणाला भरवायचं, कुणाची कूस बदलायची. माणूस गेलं की चादरी धुऊन पुढच्या घरी. वीस वर्षांत कुठल्याच घरात तिला भीती वाटली नव्हती.

या घरातल्या झाडांची वाटायची. बाई त्यांना बटरवर्ट म्हणत. अनुसया लोण्याचं झाड म्हणे, कारण पानं लोणी चोपडल्यासारखी ओली चमकत. चिलट त्यावर बसलं की उठत नसे. थोडा वेळ पाय हलवी. चार दिवसांनी तिथं फक्त काळा ठिपका उरे.

उमाबाईंनी ट्रेमधल्या ओल्या वाळूवर सात पानं मांडली. मग पदराआडून काहीतरी काढून अगदी कोपऱ्यात ठेवलं. पिवळट, बारीक. अनुसयेनं बोट पुढं केलं, तर बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"हात नको लावू. अनुराग आहे."

"काय आहे मॅडम?"

"पानातून जे येतं ना, ते त्या झाडाचं मूल नसतं," बाई वर्गात बोलावं तशा बोलल्या. "तेच झाड असतं. तेच, पुन्हा."

अनुसयेनं वाकून पाहिलं. तो लहान मुलाचा दुधाचा दात होता.

उमाबाईंचे यजमान मुकुंदराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. ओसरीत पेपर वाचत बसले होते. अनुसयेचं ऐकून त्यांनी पेपराची घडी घातली.

"दात कसा असेल? अनुरागचं या घरात काहीच नाही. आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा होता, वैनगंगेत बुडाला. कपडे, वह्या, त्याच्या दुधाच्या दातांची डबी, सगळं मी माझ्या हातानं नदीत सोडलं. हिला विचारलंसुद्धा नाही."

"मंग हा कुठून आला, बाबूजी?"

मुकुंदरावांनी पेपर पुन्हा उघडला.

महिनाभरात ती सातही पानं तपकिरी पडून विरघळली. कोपऱ्यात मात्र, दाताला चिकटून, मोहरीएवढा हिरवा ठिपका आला. आठवड्यानं त्याची दोन पानं उघडली. ओली, चमकती. एखाद्या पानाचा तुकडा तिथं पडला असेल, अनुसयेनं स्वतःला समजावलं. पण पानं सगळी चार बोटं दूर होती.

उमाबाई दिवसभर ट्रेपाशी बसून हळू आवाजात बोलत. एकदा अनुसयेनं ऐकलं. बाई बोलता बोलता थांबल्या, समोरच्याचं ऐकून घ्यावं तितका वेळ गप्प राहिल्या आणि मग हसल्या.

त्या दुपारी तिनं मुकुंदरावांना सगळं सांगितलं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "फेकून दे."

बाई जेवत होत्या तेवढ्यात अनुसया ट्रे घेऊन परसात गेली. कचऱ्याच्या खड्ड्यावर तिनं तो तिरपा धरला. मागून आवाज आला. उमाबाई खिडकीत उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत.

"अनुसया, उन्हात नको नेऊ. त्याला सोसत नाही."

मेलेल्या माणसांचे डोळे मिटताना अनुसयेचा हात कधी अडला नव्हता. आता त्याच हातानं ट्रे उलटा होईना. वाळू सांडेल म्हणून तिनं तो छातीशी धरला आणि आत आली.

"माह्यानं नाही होत, बाबूजी," ती म्हणाली. "तुम्हीच फेका. नाही त मले कामावरून काढून टाका."

मुकुंदराव उठले. झाडांच्या त्या खोलीत ते महिनोन्‌महिने आले नव्हते. ट्रे खिडकीखाली ठेवला होता. चष्मा लावून ते वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. उमाबाई बाकावर जरा सरकल्या, त्यांच्यासाठी जागा करून.

"फार उशीर केलात," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी वाळूला बोट लावून पाहिलं, ती कोरडी होती. मग त्यांनी अनुसयेला विचारलं, "पाणी वरून घालायचं का?"

"नाही जी. खालून. बशीत."

ते स्वयंपाकघरात गेले आणि माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरलेली बशी दोन्ही हातांत धरून, थेंबही सांडू नये असे एकेक पाऊल टाकत परत येऊ लागले. अनुसयेनं ट्रेची कड उचलून धरली.