बर्फातली बोडकी पोर

"आजोबा, या चित्रात काय चाललंय?" स्पीच थेरपिस्ट पद्मजाने पुन्हा विचारलं.

कुशाबा नुसते बघत राहिले. पांढरंशुभ्र मैदान, लोकरी टोप्या घातलेली मुलं, कुणी घसरतंय, कुणी बर्फाचे गोळे मारतंय. कडेला एक बोडकी, बिनटोपीची पोर एकटीच उभी. जाईबाईला त्या डोंबलाच्या चित्राचा वीट आला होता. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली, तेव्हापासून दर आठवड्याला काळाचौकीहून परळच्या या इस्पितळात त्यांना धरून आणायचं, जिने चढवायचे आणि मुकंच परत न्यायचं. तिची हाडं पार पिंजून निघाली होती. त्यात आज पद्मजाने सांगितलेलं, एक शब्दही आला नाही तर थेरपी थांबवू.

"पोरां खेळतत," जाईबाई न राहवून म्हणाली.

"आजी, तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या."

"अगो बाय, आमका बर्फ म्हायत तो मासळीवरचो. ह्या बघून ह्येंका काय सुचतला?"

"दुसरं चित्र नाही हो माझ्याकडे," पद्मजा म्हणाली. तीही सकाळपासून थकलेलीच होती.

तेवढ्यात कुशाबांचा डावा हात उठला आणि छातीशी येऊन थांबला. उजवा मांडीवर तसाच पडून होता.

"बा देवा म्हाराजा..."

जाईबाईने ते शब्द लगेच ओळखले. चाळीच्या गणपतीपुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते कुशाबांनीच, वर्षानुवर्षं. दर वाक्याला पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणत आणि ती मागे बायकांत उभी असे. इथे म्हणायला दुसरं होतं कोण?

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

"जा काय वाकडानाकडा आसात... ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

"नि ह्या पोरांका... थंडीवाऱ्यात... सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पद्मजाने हळूच विचारलं, "आजी, पाठ असलेलं कधीकधी असं आपोआप निघतं. हे चित्राबद्दल बोलले, की नेहमीचंच?"

"गणपतीत थंडी खयची इली? त्या बोडक्या पोरीचाच बोलले ते." जाईबाईने ठणकावून सांगितलं.

पद्मजा हसली. "मग चालू ठेवू थेरपी." तिलाही हुरूप आला. तिने जाईबाईकडे बोट केलं. "आजोबा, आणि या कोण?"

कुशाबांनी मान वळवली. आयुष्यात त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, सगळा संसार 'अगो'वर झाला. तेवढं 'अगो' आलं असतं तरी जाईबाईला पुरे होतं. ते तिच्याकडे खूप वेळ बघत होते, ओठ जुळत होते, सुटत होते.

"म्हाराजा," ते म्हणाले.

"व्हय," जाईबाई म्हणाली, आणि त्यांचा मांडीवरून घसरलेला उजवा हात उचलून तिने नीट ठेवला.