दुसरं कडवं

“ओरिजिनलच लावतो ना,” रिमोट स्वतःकडे ओढत संजीव म्हणाला. “तुझ्या त्या बाईचं लावलं तर स्क्रीनवर जपानी अक्षरं येतील. वाचणार कशी तू?”

“येतील तर येऊ देत. तू लाव,” विभा म्हणाली आणि माइकच्या टोपीशी उगीचच चाळा करत बसली.

टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनसमोरच्या कराओकेची ती खोली दोघांना जेमतेम पुरेल एवढी. आज संजीवचा वाढदिवस. ही रविवारची दुपार विभाने त्याच्याकडून आधीपासून मागून ठेवली होती. बँकेची सिस्टिम सांभाळणारा माणूस तो, घरी असला तरी अर्धा ऑफिसातच. आताही मोबाइल टेबलावर होताच. विभाचा एक डोळा त्या मोबाइलवर. एवढं एक गाणं त्याने बसून ऐकावं, बाकी काही नको, असं ती मनाशी घोकत होती.

गाणं खरं तर त्याचंच. जुन्या अमेरिकन सोल गायकाचं प्रेमगीत. पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला संजीव ते गिटारवर म्हणायचा, डोळे मिटून असा काही सूर लावायचा की विभा तिथेच पाघळली. मग लग्न झालं, टोकियो आलं आणि गिटार सासूबाईंच्या कपाटावर जाऊन बसली.

गेल्या वर्षी विभा बेंतोचे, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या किचनमध्ये पार्टटाइम लागली. तिथल्या रेडिओवर एके दिवशी तेच गाणं, एका जपानी गायिकेच्या आवाजात. विभाच्या हातातला भात हातातच राहिला. संजीव कसा जीव तोडून म्हणायचा! ही बाई मात्र हळू म्हणत होती, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं. सोबतच्या मोरीताबाईंनी डबे भरता भरता विभाला शब्द शिकवले, अर्थ सांगितला. दुसऱ्या कडव्यात गायिकेने म्हणे शब्द बदलले होते. तू घरी येतोस, पण पोचत नाहीस, एकदा नीट ये. हे मराठीत बोलायला गेली असती तर नुसतं भांडण झालं असतं. विभाला भांडायचं नव्हतं.

संगीत सुरू झालं. अक्षरं सरकू लागली आणि विभा वाचत, गात गेली. वर्षभर डब्यांवरची लेबलं वाचून डोळ्यांत बसलेली अक्षरं ती. संजीव आ वासून बघत राहिला.

“अगं, तुला वाचता येतं?” पहिलं कडवं संपताच त्याने विचारलं. “कधीपासून?”

तिने हसून मान हलवली, आणि तेवढ्यात मोबाइल थरथरला. संजीवने नाव पाहिलं. “हाय, पेंढारकर देस,” असं जपानीत आपलं नाव सांगत तो कमरेतून वाकला आणि तसाच बाहेर गेला.

दुसरं कडवं आलं. विभाला रडू आलं नाही, राग आला. पण ती थांबली नाही. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती, फोनवरच्या माणसाला पुन्हापुन्हा वाकून नमस्कार करणारी. त्या पाठीकडे बघत तिने कडवं पुरं केलं.

तो आत आला तेव्हा गाणं संपलं होतं. “सर्व्हर बसलाय गं, जावं लागेल. पण तू मस्त म्हटलंस हं.”

“पूर्ण ऐकलंस?”

“हो तर. बाहेर येत होतं ना ऐकू.”

त्या जाड दारातून बाहेर काही ऐकू जात नसे. विभाने त्याच्या जॅकेटची कॉलर सरळ केली. “जा तू. छत्री विसरू नकोस.”

तो गेला. जरा वेळाने भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपत आली की काउंटरवरून विचारतात, वाढवायची का म्हणून. विभाने घसा साफ केला.

“हो, वाढवा,” तिने स्वच्छ जपानीत सांगितलं. “आता एकाच माणसासाठी.”

मग संजीवचा माइक टोपी चढवून टोपलीत ठेवला आणि तेच गाणं पुन्हा लावलं.